मातेऱ्यातलं बटण

मोठ्या दुष्काळात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव खोदला. त्याच्या कोरड्या पोटात एक दिवस आभाळातून पेटी उतरली. दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. चैत्राचं ऊन होतं. मी तेव्हा सोसायटीच्या गोदामाचा राखणदार होतो. खताची पोती, पेंडीची पोती आणि एक मोठा काटा, एवढ्याची राखण. वय तिशीच्या आतबाहेर.

त्या दिवशी सकाळपासूनच वर एक पांढरा ठिपका दिसत होता. चांदणी दिवसा उगवावी तसा. दुपार कलल्यावर तो फुटल्यासारखा झाला आणि जरा वेळानं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची भली मोठी छत्री तरंगत खाली यायला लागली. छत्रीखाली कपाटाएवढी पेटी लोंबत होती. बायकांनी लेकरं घरात ओढली. गुरं दाव्याला हिसके द्यायला लागली. मीही भ्यालो, खोटं कशाला सांगू. पण भ्यालो की माझे पाय पुढं जातात, मागं जात नाहीत. त्यात शहाणपण काही नाही, स्वभाव आहे.

पेटी तलावाच्या गाळात तिरकी रुतली होती. तिच्यावर एक कागद चिकटवलेला होता, चार-पाच भाषांतला. मी शाळा दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर सही येते आणि पाटी वाचता येते. मी अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. शास्त्रीय यंत्र आहे, हात लावू नये, जवळच्या पोलिसांना कळवावं, बक्षीस मिळेल. गावातले सातवी शिकलेले दोघं माझ्या मागं उभे होते, त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते आठवलं की मला अजून बरं वाटतं.

पोलीस पाटलांनी एकाला एसटीनं ठाण्यावर धाडलं. पोलीस येईपर्यंत कुणीतरी तिथं बसायला पाहिजे होतं. पाटील म्हणाले, राखणीला तूच बस, तुला भ्या वाटत न्हाय. वाटतंय असं मी म्हणालो नाही. गोदामाला कुलूप घातलं आणि तलावात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. पेटी गाळात राहिली तर खराब होईल असं त्याचं म्हणणं. त्यानं सहा गडी लावून ती उचलून बांधावरच्या लिंबाखाली ठेवायला लावली. पेटी हलली तशी खाली मातीत एक गोल चकचकीत बटण दिसलं. पेटीच्या पोटाखालची एक बारीक दांडी आपटून वाकली होती, तिचंच ते गळून पडलं असावं. सगळे पेटीमागं गेले. बटण मातीत तसंच राहिलं.

इथं आमच्याकडचा एक रिवाज सांगितला पाहिजे. खळ्यावरची रास भरून पोती घरी नेली की जमिनीला मातीत मिसळलेले जे दाणे उरतात त्याला मातेरं म्हणतात. मातेरं राखणदाराचं. मालक ते मागत नाही आणि राखणदार विचारत नाही. माझ्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानंही तसंच केलं. दीड महिन्यापूर्वीच मी एका खळ्याची राखण करून पायलीभर मातेरं घरी नेलं होतं. त्याला चोरी म्हणणाऱ्या माणसाशी मी बोलणार नाही. तर पेटी उचलली, माल नेला, खाली मातीत जे उरलं ते माझं. मी ते पुसून खिशात टाकलं.

रुपयाच्या नाण्याएवढं, पण जाड. एका अंगाला बारीक इंग्रजी अक्षरं आणि तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण. पंखे करणाऱ्या कंपनीचं असेल असं मला वाटलं. दुसऱ्या अंगाला मधोमध एक बारीक गोल, अगदी पातळ पत्र्याचा.

माझ्या बायकोला तेव्हा सातवा सरत होता. आधीची दोन गेली होती. पहिलं याच तलावाच्या कामावर गेलं, दुष्काळात ती इथं खडी फोडायला होती तेव्हा, पाचव्या महिन्यात. दुसरं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. माझी चुलती गावातली सुईण. ती म्हणायची, हिला त्या तलावानं बाधलंय, हिच्या अंगाला लागून लोखंड राहू दे. मी घोड्याच्या नालाचा एक खिळा आणून दिला होता. तो बसताउठता टोचायचा, म्हणून तिनं काढून ठेवला होता.

त्या दुपारी ती भाकरी घेऊन बांधापर्यंत आली. तलावात उतरायची नाही ती. मी वर जाऊन तिच्या हातावर बटण ठेवलं. न टोचणारं, गुळगुळीत, आणि वरून आलेलं. तिनं उलटंपालटं करून बघितलं आणि कनवटीला खोवलं. कनवटीला म्हणजे नऊवारी जिथं कमरेला घट्ट बसते तिथं, पोटाला चिकटून. बायका सुटे पैसे खोवतात तिथं.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. त्यात दोघं. एक साहेब, काटकुळा, उन्हानं नाक सोललेला, आपल्यासारखंच मराठी बोलणारा. दुसरा ड्रायव्हर, हैदराबादेकडचा. साहेबानं आल्याआल्या पाणीही घेतलं नाही. पेटीच्या भोवती फिरला, तिच्या काचा बघितल्या, तारा बघितल्या, बरं वाटल्यासारखा हसला. मग आडवा होऊन पेटीच्या पोटाखाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. त्यानं विचारलं, "इथं दांडीला एक गोल बटण होतं. कुणाला सापडलं का?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण माझ्या आधी हवालदार ओरडला की कोण भडव्यानं चोरलंय ते आत्ता सांगा. चोरी हा शब्द कानावर आला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "राखणीला मी व्हतो. हितं चोरी झाली न्हाय."

ते माझ्या हिशेबानं खरंच होतं.

साहेबानं हवालदाराला गप्प केलं. ड्रायव्हर आणि दोन-तीन गडी तलावात उतरून माती चाळायला लागले. साहेब लिंबाखाली माणसांत बसला. पोलीस पाटलांनी विचारलं की हे यंत्र आहे तरी कशाचं. मग तो सांगायला लागला. मन लावून सांगत होता, आणि मन लावून सांगणाऱ्या माणसासमोर आमच्या गावात कुणी उठत नाही.

तो म्हणाला, आपला सूर्य हा एका मोठ्या चांदण्यांच्या मेळ्यातला एक. असे मेळे आभाळात मोजता येणार नाहीत इतके. त्यातल्या काहींच्या मधोमध एक काळं विवर असतं. ते दिसत नाही. पण जवळ येईल ते ओढून घेतं, चांदण्यासुद्धा. ओढलं जाणारं सगळं भोवऱ्यासारखं गरगरतं, इतकं तापतं की त्यातून किरण सुटतात. आणि दोन्ही अंगांनी दोन फवारे उडतात, मोटेच्या तोंडातून पाणी सुटावं तसे, पण इतके लांब की त्यांच्या या टोकाचा उजेड त्या टोकाला जायला हजारो वर्षं लागावीत. ते फवारे कसे उडतात हे कुणालाच नीट कळलेलं नाही. ते कळावं म्हणून ही पेटी.

पाटील म्हणाले, खाणारं हाय तर थुंकतंय कशाला. साहेब म्हणाला, तेच तर आम्ही शोधतोय.

दिसत नाही आणि ओढून घेतं. असलं काही आहे, आणि ही शिकलीसवरलेली माणसं आपण होऊन त्याच्या मागं लागतात. मी विचारलं, ते दिसत न्हाय तर ही पेटी बघती कशी. तो म्हणाला, त्यातून निघणारे एक्स-रे बघते. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात ना, त्याच जातीचे किरण. ते तिथून निघून इथवर येतात, पण आपल्या डोक्यावरची हवा त्यांना अडवते. जमिनीवर त्यातला एकही पोचत नाही. म्हणून फुग्याला पेटी बांधून हवेच्या वर सोडायची.

मग तो माझ्याकडं वळला. मी गोदामाचा राखणदार हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"तुमचा काटा खरा का खोटा, ते कसं बघता दादा?"

"शिक्क्याचं वजन टाकून."

"ते बटण म्हणजे आमचं शिक्क्याचं वजन. त्यातून सारखे तसलेच किरण निघतात, ठरलेल्या ताकदीचे. पेटीनं ते बरोबर मोजले, तर आभाळातले पण बरोबर मोजले असं समजायचं. बटण गेलं तर आमचं मोजलेलं कुणी मानणार नाही."

त्यापुढं तो काय बोलला ते मला आठवत नाही.

माझा बाप खोकल्यानं गेला. त्याच्या शेवटच्या वर्षी मी त्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. एक्स-रेच्या खोलीच्या दारावर पाटी होती. बापाचा नंबर येईपर्यंत मी ती सगळी वाचून काढली होती. गरोदर स्त्रियांनी आत येऊ नये. तिथल्या एका शिपायाला विचारलं, का येऊ नये. तो म्हणाला होता, पोटातलं पोर नासतं.

लिंबाखाली बसल्या जागी ती पाटी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी विचारलं की ते बटण कुणाच्या अंगाजवळ राहिलं तर. साहेबानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, म्हणूनच सापडायला पाहिजे. कुणाला ओरडायला नाही आलो आम्ही.

तिथंच सांगून टाकायला पाहिजे होतं. पण हवालदार चार हातांवर उभा होता आणि त्याचा तो शब्द अजून माझ्या अंगावर होता. पाणी पिऊन येतो म्हणून मी उठलो. बांध ओलांडेपर्यंत चालत गेलो. त्यापुढं पळालो.

घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, धुणं घेऊन विहिरीवर गेली. विहिरीवर गेलो तर दगडावर आमचं धुणं पिळून ठेवलेलं आणि ही नाही. मी विहिरीत वाकून बघितलं. पाणी तळाला होतं आणि त्यात मी एकटाच दिसत होतो. दोन बायका पोहरा घेऊन आल्या, त्यांना विचारलं, तर त्या एकमेकींकडं बघून म्हणाल्या, जरा पोट धरून चालली हुती, तुमच्या चुलतीकडं गेली असंल. पोट धरून. तिथून चुलतीचं घर शंभर पावलांवर असेल. ती शंभर पावलं मी कसा गेलो ते मला विचारू नका.

ती चुलतीच्या ओसरीत पाय पसरून बसली होती आणि सुपात तूर निवडत होती. कळ आली होती, बसल्यावर गेली, असं चुलतीनं सांगितलं. मी म्हणालो, बटण दे.

"कुठलं बटण?"

"कनवटीचं. दे."

"दिल्यालं मागं घ्यायचं असतंय व्हय?" तिला चेष्टा वाटली. पण माझं तोंड बघून तिनं कनवट सोडली आणि बटण हातावर धरून माझ्यापुढं केलं. माझा हात काही पुढं जाईना. तिच्या हातावर ते पडलेलं, आणि मी दोन पावलं लांब. शेवटी मी चुलीजवळची सांडशी उचलली आणि तिच्या हातावरून ते सांडशीनं धरलं. चुलती म्हणाली, येडा झालास का रं, लोखंड हाय ते, इंगळ न्हाय. बायको फक्त सांडशीकडं बघत होती.

वाटेनं मी हात लांब धरून चाललो. पारावर बसलेल्यांनी टोमणे मारले, एकानं विचारलं पाल धरली का विंचू. तलावावर पोचलो तेव्हा पेटी जीपला जोडलेल्या गाड्यावर चढली होती. ड्रायव्हरनं मला तसा येताना बघितलं आणि म्हणाला, "डरो नक्को भाई, काटता नै वो."

साहेबानं बटण उघड्या हातात घेतलं. आधी पातळ पत्र्याचा गोल उन्हाला धरून बघितला, दोनदा बघितला. तो फाटलेला नव्हता. मग तो जीपच्या पायरीवर मटकन बसला. त्याच्या पोटातही भीती होती हे मला तेव्हा कळलं.

हवालदार पुढं आला. मी सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं बोललो, "मातेरं म्हणून घेतलं. राखणीचा हक्क हाय त्यो. चोरी न्हाय." म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. पाटील म्हणाले, व्हय, रिवाज हाय तसा. साहेबानं मातेरं म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, चूक आमची, ती पंख्याची खूण धोक्याची आहे हे सगळ्यांना कळतं असं आम्ही धरून चाललो.

त्याला मी लिंबाच्या मागं नेलं आणि कनवटीचं सांगितलं. सातवा महिना आहे, आधीची दोन गेली, हेही सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. किती वेळ, त्यानं विचारलं. दोन दिवस, दोन रात्री. पातळ बाजू आत होती का बाहेर? मला ठाऊक नव्हतं.

त्यानं जीपमधून एक मूठभर यंत्र आणलं. बटणाची पातळ बाजू त्याच्याजवळ नेली तसं ते कडकडायला लागलं, लाह्या फुटाव्यात तसं. बटण उलटं केलं, आवाज गप्प. वीतभर लांब नेलं, एखाददुसरी लाही. तो मला समजावण्यासाठी दाखवत होता. मला मात्र वाटत होतं की तिच्या पोटात आत्ता असाच आवाज चालला असेल आणि तो ऐकायला कुणी नाही.

तो म्हणाला, हे फार मंद असतं. दोन दिवसांत जे गेलं असेल ते दवाखान्यातल्या एका फोटोपेक्षा कमीच. माझ्या माहितीप्रमाणं काही होणार नाही. मी म्हणालो, मग लिहून द्या. त्यानं यंत्र बंद केलं.

"लिहून नाही देता येत दादा. मी डॉक्टर नाही. सोलापूरला दाखवून आणा."

जीप गेली. बक्षिसाचा कागद साहेबानं पाटलांकडं दिला होता, मी त्याला हात लावला नाही.

सोलापूरला मी तिला नेलं नाही. नेलं असतं तर कशाला ते सांगावं लागलं असतं. ज्यानं आपल्या हातानं दिलं त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं. मी गप्प बसलो आणि गोदामाची राखण करू लागलो. पोती मोजताना आकडा चुकायचा. काट्याचं शिक्क्याचं वजन उचलायला मी दुसऱ्याला सांगायचो. सकाळी ती चुलीपुढं बसली की मी दारातून विचारायचो, हलतंय का. ती म्हणायची, हलतंय. एखाद्या दिवशी म्हणायची, आज जरा गप हाय, आणि त्या दिवशी गोदामात नेलेली भाकरी मी तशीच परत आणायचो. वर बघायचंही मी सोडलं होतं. साहेब म्हणाला होता, तिथून निघालेलं इथं जमिनीवर पोचत नाही, हवा अडवते. सगळी हवा मध्ये होती. आणि मी हातानं नेऊन तिच्या कनवटीला दिलं.

दिवस भरले. चुलती आली, दार लावून घेतलं. मी बाहेर ओट्यावर. आधीच्या दोन्ही वेळी मी जवळ नव्हतो, या वेळी हललो नाही. सकाळची उन्हं ओट्यावरून खाली गेली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. चुलती दारात आली, म्हणाली पोरगी झाली.

मी विचारलं, "बोटं?"

"हाताची धा, पायाची धा. काय इचारतोस रं बाबा?"

"डोळं?"

"दोन हायत." तिनं कपाळाला हात लावला आणि आत गेली.

मी आत गेलो नाही. दारातून बघितलं. तांबडं, सुरकुतलेलं तोंड, मूठ आवळलेली. चार दिवस मी असाच दारातून बघत राहिलो. चौथा दिवस सरला. पाचवीची पूजा झाली, चुलती तिच्या घरी गेली आणि दुपारी आम्ही दोघंच होतो. मी उंबऱ्यावर बसून बायकोला सगळं सांगितलं. पाटी, बटण, लाह्यांचा आवाज, साहेबानं लिहून न दिलेलं, सगळं. एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.

ती पोरीला पाजत होती. म्हणाली, "मला ठावं हुतं कायतरी हाय ते. सांडशीत धरलंसा तवाच."

"मग इचारलं का न्हाईस?"

"इचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं."

दोन महिने मी सकाळी दारातून विचारायचो, हलतंय का. आणि तिला कळत होतं की मी का विचारतोय ते विचारू नये. मी घाबरून गोदामात जायचो. ती घाबरून तिथंच चुलीपुढं बसून राहायची.

मग मी विचारलं की पातळ बाजू आत होती का बाहेर. ती म्हणाली, म्या काय बघून खोवत हुते व्हय, सारखी फिरवीत बसायची, हाताला चाळा.

म्हणजे ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"पाच दिस झालं," ती म्हणाली, "पोरीला हात लावला न्हाय तुमी. आपल्या हातानं बाधंल असं वाटतंय व्हय?"

मी मान हलवली.

"धरा हिला. माझं हात दुकाय लागलं."

मी हात धोतराला पुसले आणि उंबऱ्यातून आत सरकलो. तिनं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. वजन काहीच नव्हतं. पोरीनं तोंड वाकडं केलं, डोळे गच्च मिटले आणि तिचं सगळं अंग एकदम थरारलं. मी बायकोकडं बघितलं.

"शिंकली ती," बायको म्हणाली. "शिंकत्यात माणसं."